बसतो खरा, पण चालतो का?

परीक्षण म्हटले की ते पुस्तकाचे, नाटकाचे किंवा फार तर चित्रपटाचे, अशी आपली समजूत असते. खोक्यावर छापलेल्या मजकुराचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. पण आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी जो विज्ञानविषयक मजकूर रोज येतो, त्यातला बराचसा खोक्यांवरूनच येतो. टूथपेस्टचे खोके, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे खोके, एलईडी दिव्याचे खोके. त्यांवर आकडे असतात, एकके असतात, टक्केवारी असते, कधी एखाद्या मानकाचा क्रमांक असतो. पाठ्यपुस्तकात एखादे एकक चुकले तर आपण लगेच पत्र लिहितो. खोक्यावरचे विधान मात्र कोणीही न तपासता घरात जाते आणि खरे मानले जाते.

म्हणून या लेखात एका विशिष्ट प्रकारचा मजकूर परीक्षणासाठी घेतला आहे. जमीन झाडणाऱ्या रोबो व्हॅक्यूम क्लीनरचे सुटे भाग ज्या खोक्यांतून मिळतात, त्या खोक्यांवरचा आणि यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तिकेतला हा मजकूर आहे. यंत्र घेताना लोक चार ठिकाणी चौकशी करतात. सुटा भाग घेताना बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात: "आमच्या मशीनला बसेल ना?" आणि "ओरिजिनल आहे की डुप्लिकेट?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण अपुरे आहेत. भाग बसतो एवढ्यावरून तो नीट काम करतो असे ठरत नाही, आणि तो कोणी विकला यावरून तो काय करतो हे कळत नाही. हे अपुरेपण टिकून राहणे मूळ कंपन्यांच्याही सोयीचे आहे आणि नकला करणाऱ्यांच्याही, असे हा मजकूर वाचल्यावर दिसते.

यंत्र थोडक्यात

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने २००१ साली 'ट्रायलोबाइट' नावाचा झाडणारा रोबो बाजारात आणला. समुद्रतळावर वावरणाऱ्या आणि पुढे नामशेष झालेल्या एका प्राचीन संधिपाद प्राण्याचे हे नाव. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील आयरोबोट कंपनीचा 'रूम्बा' आला आणि या यंत्राचा खरा प्रसार झाला. यंत्र बहुधा मोठ्या ताटाएवढे, गोल आणि वीतभरापेक्षाही कमी उंचीचे असते. कडेचा छोटा ब्रश कोपऱ्यातला केर मध्याकडे ढकलतो. पोटाखालचा मुख्य ब्रश तो उचलतो. पंखा हवा आत ओढतो, केर डब्यात राहतो आणि हवा फिल्टरमधून गाळून बाहेर पडते. हे सारे बॅटरीवर चालते. झिजणारे भाग मुख्यतः चारच: कडेचा ब्रश, मुख्य ब्रश, फिल्टर आणि बॅटरी. पुसणाऱ्या यंत्रांना याखेरीज फडके लागते.

आता केरसुणीचे उदाहरण घ्या. ती झिजली की दिसते. कधी बदलायची हे सांगायला पुस्तिका लागत नाही. घरातली केरसुणी आधी अंगणात जाते, तिथून मोरीत, आणि मग टाकली जाते. रोबोचे तसे नाही. त्याची झीज पोटाखाली आणि खोक्याच्या आत होते. ती आपल्याला दिसत नाही, म्हणून कोणीतरी ती सांगावी लागते. हे सांगणे किती खरे आहे, हा आपला पहिला मुद्दा.

'शिल्लक आयुष्य ३२ टक्के'

बऱ्याच नव्या यंत्रांना मोबाइल फोनवरचे अॅप जोडलेले असते. त्यात प्रत्येक भागापुढे शिल्लक आयुष्य टक्केवारीत दाखवतात. रोबोरॉक या चिनी कंपनीच्या यंत्रांचे उदाहरण घेऊ. त्यांत फिल्टरला १५० तास, कडेच्या ब्रशला २०० तास आणि मुख्य ब्रशला ३०० तास असा हिशेब धरलेला असतो. यंत्र जितके तास चालले तितके वजा होत जातात.

हे मोजमाप आहे का? एका अर्थाने आहे, पण ते वेळेचे मोजमाप आहे, झिजेचे नव्हे. घरात मांजर आहे की नाही, रस्त्यालगत धूळ येते की नाही, जमीन गुळगुळीत संगमरवराची आहे की खडबडीत शहाबादी फरशीची, यांपैकी काहीही त्या आकड्यात नाही. फिल्टर काढून न बदलता अॅपमधले बटण दाबले तरी आयुष्य पुन्हा १०० टक्के होते! ज्यांच्या घरात धूळ कमी त्यांचा चांगला फिल्टर फेकला जातो, आणि ज्यांच्या घरात धूळ जास्त त्यांचा तुंबलेला फिल्टर 'अजून शिल्लक आहे' म्हणून तसाच राहतो.

तासांचा हिशेब निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. स्मरणपत्र म्हणून तो चांगला आहे. आक्षेप आहे तो त्याला 'शिल्लक आयुष्य' म्हणण्याला. औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, पण ती मुदत म्हणूनच छापतात, रोग्याच्या प्रकृतीचा अहवाल म्हणून नाही. मुलांना हा फरक समजावून देण्यासाठी याहून सोपे उदाहरण मिळणार नाही. कोणतीही टक्केवारी दिसली की विचारायचे: हे कशाचे टक्के, आणि ते कोणी, कशाने मोजले?

०.३ मायक्रॉनची गोष्ट

फिल्टरच्या खोक्यावर सर्वांत ठळक शब्द असतो 'हेपा'. त्याखाली बहुधा असे असते: '०.३ मायक्रॉनपर्यंतचे ९९.९७ टक्के कण अडवतो'. काही खोक्यांवर 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखा' असेही लिहितात. या 'टाइप'ला कोणतीही ठरलेली व्याख्या नाही. 'दुधासारखे' असे लिहिलेल्या पातेल्यात दूध असेलच असे नाही, तसेच हे.

पण खऱ्या हेपा फिल्टरबाबतही हे वाक्य चुकीचा समज करून देते. 'पर्यंत' हा शब्द वाचला की आपल्या डोळ्यांपुढे पीठ चाळायची चाळणी येते. चाळणीची भोके जितकी बारीक, तितके बारीक कण अडतात आणि त्याहून बारीक निसटतात. मग ०.३ मायक्रॉनहून लहान कण फिल्टरमधून निसटत असणार, असे कोणालाही वाटेल. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) वस्तुस्थिती वेगळी आहे.

हा फिल्टर चाळणी नसतो. ते बारीक तंतूंचे अस्ताव्यस्त जाळे असते आणि तंतूंमधल्या मोकळ्या जागा कणांपेक्षा बऱ्याच मोठ्या असू शकतात. मोठा कण जड असतो. हवा तंतूला वळसा घालून जाते तेव्हा त्याला तितक्या झटपट वळता येत नाही आणि तो तंतूवर आदळून चिकटतो. मध्यम आकाराचा कण हवेबरोबर वळतो, पण तंतूच्या फार जवळून गेला तर त्याला घासून अडकतो. अगदी लहान कणांना हवेचे रेणू सतत धक्के देत असतात. त्यामुळे ते सरळ न जाता वेडेवाकडे भटकतात आणि भटकता भटकता तंतूला जाऊन लागतात. हीच ब्राउनीय गती. म्हणजे मोठे कण अडतात, फार लहान कणही अडतात. सर्वांत जास्त निसटतात ते मधले, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनच्या दरम्यानचे. म्हणून अमेरिकी व्याख्येत ०.३ मायक्रॉन हा आकार चाचणीसाठी धरला आहे. तो फिल्टरच्या ताकदीची सीमा नसून त्याच्यासाठी मुद्दाम निवडलेला अवघड पेपर आहे. अवघड पेपरात ९९.९७ गुण मिळाले तर सोप्या पेपरांत त्याहून जास्तच मिळतील. विज्ञानाची इतकी सुंदर गोष्ट 'पर्यंत' या एका शब्दाने उलटी करून टाकली आहे.

युरोपीय मानकात (ईएन १८२२) फिल्टरचे वर्ग केलेले आहेत. सर्वांत निसटत्या आकाराच्या कणांपैकी किमान ९५ टक्के अडवणारा तो ई-११, किमान ९९.९५ टक्के अडवणारा तो एच-१३. खोक्यावर 'एच-१३' असे वाचले की आपण निश्चिंत होतो. पण ही चाचणी सुट्या फिल्टरची असते, ठरावीक वेगाने हवा सोडून केलेली. तो फिल्टर आपल्या यंत्राच्या खाचेत कसा बसतो, हे त्या चाचणीला ठाऊक नसते.

इथे एक साधे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. समजा एच-१३ फिल्टरची रबरी किंवा स्पंजाची कड नीट बसत नाही आणि १०० पैकी ५ भाग हवा कडेने, न गाळताच निघून जाते. उरलेल्या ९५ भागांपैकी ९९.९५ टक्के कण अडले, म्हणजे साधारण ९४.९५. आता दुसरीकडे ई-११ वर्गाचा साधा फिल्टर घ्या, पण कडेने जराही गळती नसलेला. त्याने अडवले ९५. उत्तर जवळजवळ तेच! कडेची ती पट्टी दिसायला क्षुल्लक, पण दोन वर्गांमधला सारा फरक ती पुसून टाकू शकते. २०२० नंतर आपण सर्वांनी हा धडा मुखपट्टीच्या बाबतीत घेतला आहे. एन-९५ मुखपट्टी नाकाशी उघडी राहिली की तिच्यावरच्या ९५ ला अर्थ उरत नाही.

तेव्हा फिल्टर निवडताना वर्गाइतकेच कडेकडे पाहावे. पट्टी सलग आहे का, चौकट वाकते का, खाचेत घट्ट बसते का. काही दिवस वापरल्यावर फिल्टर काढून त्याच्या स्वच्छ बाजूची चौकट पाहावी. तिथे धुळीची रेघ दिसली तर हवा कडेने जात आहे असे समजावे. ही तपासणी फुकट आहे आणि कोणत्याही खोक्यावरच्या आकड्यापेक्षा आपल्या यंत्राबद्दल जास्त सांगते. धुण्याबाबतही सावध असावे. 'धुता येतो' असे स्पष्ट लिहिले असेल तरच धुवावा आणि पूर्ण वाळवूनच बसवावा. काही फिल्टरांच्या तंतूंवर विद्युतभार दिलेला असतो, तोच बारीक कणांना ओढून घेतो. धुण्याने तो भार कमी होऊ शकतो. फिल्टर दिसायला स्वच्छ होतो आणि कामाला मात्र कमी पडतो.

ब्रश: इथे फार घाबरू नये

ब्रशांच्या बाबतीत मात्र मूळ कंपन्या जरा जास्तच भीती घालतात असे मला वाटते. 'इतर भाग वापरल्यास कामगिरीवर परिणाम होईल' हे वाक्य सर्व भागांना सरसकट लावलेले असते. ब्रश हा यांत्रिक भाग आहे. त्याची लांबी, जाडी, टोकाचा आकार आणि केसांचा ताठपणा या चार गोष्टी जुळल्या की तो काम करतो, आणि या चारही गोष्टी जुन्या ब्रशाशेजारी नवा ठेवून पाहता येतात. जाडी थोडी कमी पडली तर केस जमिनीला नीट टेकत नाहीत आणि केर मागे राहतो. केस फार ताठ असले तर मोटरवर जास्त भार येतो आणि बॅटरी लवकर उतरते. कडेचे ब्रश दोन असतील तर ते पुष्कळदा एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असतात. डावा उजवीकडे बसवला तर तो केर आत ओढण्याऐवजी बाहेर उडवील.

महत्त्वाचे हे, की इथे चूक झाली तर ती दिसते. केर जमिनीवर राहिलेला दिसतो. नकली ब्रश महिन्याभरात वाकडा झाला तर नुकसान त्या ब्रशाच्या किमतीपुरते. बदलण्याआधी जुन्या ब्रशाच्या टोकांना गुंडाळलेले केस आणि दोरे कात्रीने कापून काढले, तर कित्येकदा नवा घ्यावाच लागत नाही. हा सल्ला पुस्तिकेत असतो, पण अॅपमधली खरेदीची खूण त्यापेक्षा मोठी असते!

बॅटरी: इथे घाबरावे

बॅटरीच्या खोक्यावर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि मिलीअँपिअर-तास. पुष्कळ रोबोंची बॅटरी १४.४ व्होल्टची असते. ग्राहक जुन्या बॅटरीवरचे १४.४ आणि नव्या बॅटरीवरचे १४.४ जुळवून पाहतो आणि समाधान पावतो. पण हा आकडा दोन अगदी वेगळ्या वाटांनी येतो. निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचा एक घट १.२ व्होल्टचा. असे १२ घट एकापुढे एक जोडले की १४.४. लिथियम-आयन घट ३.६ व्होल्टचा. असे ४ जोडले की पुन्हा १४.४. गुणाकार दोन्ही बरोबर, पण दोघांना विद्युतभारित करण्याची रीत निराळी. लिथियम घटाला ४.२ व्होल्टच्या वर नेणे धोक्याचे असते, म्हणून त्याच्यासाठी विभवांतर मर्यादेत राखणारा चार्जर आणि प्रत्येक घटावर लक्ष ठेवणारे संरक्षक सर्किट लागते. काही रोबोंची रचना दोन्ही प्रकार चालतील अशी असते, सर्वांची नसते. खोक्यावरचा '१४.४' हा आकडा याबाबत काहीच सांगत नाही.

दुसरा आकडा क्षमतेचा. इथे अतिशयोक्ती सर्वांत जास्त चालते आणि ती पकडायला प्रयोगशाळा लागत नाही. समजा मूळ बॅटरी ५२०० मिलीअँपिअर-तासांची आहे. ती पुष्कळदा १८६५० नावाच्या घटांची बनलेली असते. या नावातच माप आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. चार घट ओळीने आणि अशा दोन ओळी शेजारी, एकूण आठ. प्रत्येक घट २६०० चा. आता त्याच मापाच्या, त्याच खाचेत बसणाऱ्या एका बॅटरीवर ९८०० लिहिलेले दिसले, तर प्रत्येक घट ४९०० चा असला पाहिजे. या मापाच्या चांगल्या घटाची क्षमता साधारण ३५०० च्या आसपास असते. म्हणजे तो आकडा वाचताक्षणी नापास झाला. आठवीच्या मुलालाही हे जमेल.

दुसरी कसोटी वजनाची. असा एक घट साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. आठ घटांचे ३६० ते ४०० ग्रॅम, आणि वर प्लॅस्टिकचे थोडे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नवी बॅटरी जुनीच्या मानाने फार हलकी भरली, तर आत घट कमी आहेत किंवा हलक्या प्रतीचे आहेत असा संशय घ्यायला जागा आहे. मात्र वजन बरोबर भरले म्हणून बॅटरी चांगली असे उलट म्हणता येत नाही. तर्कशास्त्राचा हा धडाही सोबत होऊन जातो.

चूक इथे महाग का पडते? १४.४ गुणिले ५.२ म्हणजे सुमारे ७५ वॅट-तास, म्हणजे २,७०,००० ज्यूल. एवढ्या ऊर्जेने एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे ६४ अंश सेल्सिअसने वाढेल. ही ऊर्जा सावकाश बाहेर आली तर घर झाडून निघते. घटाच्या आत दोष असला, तो जादा भारित झाला किंवा चेपला गेला आणि ती एकदम सुटली, तर आग लागते. त्यात हे यंत्र पुष्कळदा घरात कोणी नसताना आपणहून चालते आणि आपणहून चार्जिंगला जाऊन बसते. कोणाचे तरी लक्ष आहे असे इथे धरून चालता येत नाही.

म्हणून बॅटरी घेताना काटकसर करू नये. भारतात अशा लिथियम बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकानुसार भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीवर मानकचिन्हासोबत 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, आणि ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या अॅपवर तो खरा आहे का हे पाहता येते. उत्पादनाचा महिना आणि वर्षही पाहावे. लिथियम घट न वापरता ठेवले तरी जुने होतात. बंद पडलेल्या मॉडेलची 'ओरिजिनल' बॅटरी पाच वर्षे गोदामात पडून असेल, तर ती मूळ कंपनीची असूनही नवी नव्हे. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नये, कचऱ्यात चेपली गेली तर तिथेही आग लागू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

ओरिजिनल म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'ओरिजिनल' या शब्दाचा खरा अर्थ एवढाच, की या भागाची जबाबदारी यंत्र बनवणाऱ्याने घेतली आहे. हा अर्थ लहान नाही. बॅटरीच्या बाबतीत तर तो फार मोलाचा आहे, कारण काही बिघडले तर जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक असते. पण त्या शब्दाने भागाचे गुण कळत नाहीत. मूळ कंपनीच्याही किती फिल्टरांवर वर्ग छापलेला असतो? पट्टीची गळती किती, ब्रशाच्या केसांची जाडी किती, हे ती कुठे सांगते? 'आमच्यावर विश्वास ठेवा' एवढेच ती सांगते. नकल करणाराही तेच सांगतो, फक्त आकडे मोठे छापतो. एक मोजमाप लपवतो, दुसरा फुगवतो.

शिवाय ओरिजिनल कायमचे मिळत नाही. नीटो या अमेरिकी कंपनीचा व्यवसाय तिच्या जर्मन मालकांनी २०२३ साली बंद केला. ज्या आयरोबोटने हे यंत्र घरोघरी नेले, तिने डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीपासून संरक्षणाचा अर्ज केला आणि तिची मालकी तिच्यासाठी यंत्रे बनवणाऱ्या चिनी उत्पादकाकडे सोपवण्याचे ठरले. कंपनी गेली तरी यंत्रे घरांत चालू असतात. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत अशा वृद्धांच्या घरात ती चैनीची वस्तूही नसते. अशा वेळी इतरांनी बनवलेला चांगला भाग मिळाला नाही, तर धडधाकट यंत्र केवळ एका फिल्टरअभावी भंगारात जाते. म्हणून इतरांचे भाग वाईट असे सरसकट म्हणणे चुकीचे आणि कचरा वाढवणारे आहे.

कायद्याने यात काही करता येते का? फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापावे लागतात. नोव्हेंबर २०२२ पासून त्यात व्हॅक्यूम क्लीनर आले, रोबोसुद्धा. सुटे भाग मिळतात का आणि किती किमतीला, याला त्यात गुण आहेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले.

पण गुण छापणे पुरेसे नाही, ते कोणत्या अटींखाली मोजले हेही तितकेच महत्त्वाचे. युरोपीय संघाने व्हॅक्यूम क्लीनरवर ऊर्जेचे लेबल सक्तीचे केले होते. त्याची चाचणी केराचा डबा रिकामा ठेवून होत असे. डायसन कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ते लेबल रद्द झाले, कारण रिकाम्या डब्यावरची चाचणी प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही असे न्यायालयाने मानले. घरी व्हॅक्यूम क्लीनर केर भरण्यासाठीच वापरतात, हे सांगायला न्यायालय लागले! रोबो यंत्रे तर त्या लेबलाच्या कक्षेतच नव्हती.

वर्गात काय करता येईल?

यासाठी शाळेत रोबो असण्याची गरज नाही. मुलांना घरून रिकामी खोकी आणायला सांगा: पॉवर बँकेची, मोबाइलच्या बॅटरीची, पाण्याच्या फिल्टरची, मुखपट्टीची. प्रत्येक आकड्यापुढे तीन रकाने आखा. काय मोजले? कोणत्या अटीत मोजले? आपल्याला ते तपासता येईल का? बहुतेक खोक्यांचा दुसरा रकाना रिकामा राहील. तो रिकामा का राहिला यावर चर्चा होऊ द्यावी.

कोणाच्या घरी रोबो असेल तर एक प्रयोग घरच्यांच्या मदतीने करता येईल. एक चौरस मीटर फरशीवर वाळवून चाळलेली ५० ग्रॅम वाळू सारखी पसरा. डबा रिकामा करून वजन घ्या. बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. यंत्र ठरावीक मिनिटे चालवा आणि डब्याचे वजन पुन्हा घ्या. जुन्या ब्रशाने तीनदा आणि नव्या ब्रशाने तीनदा. दोन सरासऱ्यांमधला फरक हा एकाच ब्रशाच्या तीन वाचनांमधल्या फरकापेक्षा मोठा आहे का, हे पाहा. नसेल, तर जुना ब्रश अजून चालेल, अॅप काहीही म्हणो. बॅटरीचे मात्र फक्त वजन करावे. ती उघडण्याचा किंवा तिची टोके जोडून पाहण्याचा प्रयोग कोणीही करू नये, शिक्षकांनीही नाही.

शेवटी मुलांना एक चांगले खोके लिहायला सांगावे. फिल्टरच्या खोक्यावर असे असू शकेल: 'वर्ग ई-११. अमुक मॉडेलमध्ये बसवून, डबा अर्धा भरलेला असताना मोजलेली गळती इतकी. धुऊ नये. कडेला धुळीची रेघ दिसल्यास बदलावा.' बॅटरीच्या खोक्यावर: 'घट आठ, प्रत्येकी २६०० मिलीअँपिअर-तास. वजन इतके ग्रॅम. उत्पादनाचा महिना अमुक. नोंदणी क्रमांक अमुक.' यात छापायला अवघड असे काहीच नाही, आणि ठळक अक्षरांतल्या 'हेपा'पेक्षा जागाही फार लागत नाही. असे खोके बाजारात येईपर्यंत दुकानदाराला हेच प्रश्न विचारत राहावे लागेल. पाच ग्राहकांनी वजन विचारले, तर सहाव्याला ते कदाचित छापलेले मिळेल.